मेल्या, मारल्या, नष्ट केल्या

फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात वेहळोली गावी एका पोल्ट्रीत शंभरेक कोंबड्या मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या परिघातले सुमारे 25 हजार पक्षी मारून टाकायचं ठरलं. अशा वेळी सरकारी मराठीत कोंबड्या कोणी 'मारत' नाही. त्या 'नष्ट' होतात, नाहीतर त्यांची 'शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट' लागते. एरवी याच तालुक्यात पाहुणा आला की कोंबडी मारतात, कापतात, सोलतात. ती नष्ट केली असं म्हणणारा माणूस सापडायचा नाही. हा कागदी मराठीचा नेहमीचा घोळ आहे म्हणून सोडून देता आलं असतं. पण बर्ड फ्लूच्या भरपाईचा नियम बघा. रोगाने आपोआप मेलेल्या पक्ष्यांचे पैसे मिळत नाहीत, सरकारी पथकाने मारलेल्यांचे मिळतात. म्हणजे 'मरणे' आणि 'मारणे' यांत जो एका कान्याचा फरक आहे, त्यावर पोल्ट्रीवाल्याचा अख्खा हिशेब उभा असतो. आणि नेमका तोच कान्याचा फरक 'नष्ट झालेले पक्षी' या शब्दांत दिसेनासा होतो. इंग्रजीतल्या 'डिस्ट्रॉय' या क्रियापदाला मराठीत प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न कोशकारांचा वाटतो. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात तो पैशाचा, हक्काचा आणि कोणाच्या माथी काय येतं याचाही आहे, एवढंच मला इथे दाखवायचं आहे.

आधी त्या इंग्रजी शब्दाकडे. 'डिस्ट्रॉय' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मुळात 'रचणे' असा अर्थ असलेला धातू आणि त्यामागे उलट क्रिया दाखवणारा उपसर्ग. 'स्ट्रक्चर' आणि 'कन्स्ट्रक्शन' ही त्याच घरातली भावंडं. तेव्हा 'डिस्ट्रॉय' म्हणजे रचलेलं उलगडून टाकणं, चिरा चिऱ्यावरून काढणं. पुढे हा शब्द इतका पसरला की इंग्रजीत शहर, पुरावा, अब्रू, भूक, आजारी घोडा आणि क्रिकेटमधला प्रतिस्पर्धी संघ या सगळ्यांना तो एकच पुरतो. मराठीत यांतल्या प्रत्येकाला वेगळं क्रियापद लागतं. शहर उद्ध्वस्त होतं, पुरावा नाहीसा करतात, अब्रू घालवतात, भूक मरते, घोड्याला गोळी घालतात, आणि समोरच्या संघाचा धुव्वा उडवतात किंवा सरळ त्याला धुतात. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 सालचा. तेव्हापासून आजपर्यंत ज्याने ज्याने या शब्दासमोर एकच मराठी शब्द लिहायला घेतला, त्याची अडचण हीच. शाळेच्या छोट्या शब्दकोशाने ती एका फटक्यात सोडवली: डिस्ट्रॉय म्हणजे नष्ट करणे. तिथून तो शब्द भाषांतरात गेला, भाषांतरातून परिपत्रकात आणि परिपत्रकातून तलाठ्याच्या वहीत.

'नष्ट' हा काही परका शब्द नव्हे. संस्कृत 'नश्' धातूचा मूळ अर्थ हरवणे, दिसेनासे होणे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ढासळणारी भिंत आहे, तर याच्या मुळाशी रिकामी झालेली जागा. गंमत अशी, की याच धातूची दुसरी शाखा मराठी स्वयंपाकघरात जिवंत आहे. दूध नासतं, ते नष्ट होत नाही. ते पातेल्यात दिसतं, त्याला वास येतो, आणि बाई हुशार असली तर त्याचं काहीतरी करून वाढतेसुद्धा. डुकरं शेताची नासधूस करतात, लग्नात अन्नाची नासाडी होते. या तिन्हींत वस्तू डोळ्यांसमोर असते, फक्त कामातून गेलेली असते. तेव्हा एकाच धातूपासून आलेले दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. 'नासलं' म्हणजे आहे, पण बिघडलं. 'नष्ट' म्हणजे नाहीच. पावसात भिजलेलं भात शेतकऱ्याच्या लेखी नासलेलं असतं. त्यातलं निवडून जनावरांपुढे टाकता येतं, थोडं वाळवून घरी खाता येतं. कागदावर ते नष्ट झालं की त्याची ही उरलीसुरली किंमतही शब्दातून जाते.

आता मूळ मुद्दा. मराठीत मोडतोडीची क्रियापदं बहुतेक जोडीने येतात: मरणे-मारणे, पडणे-पाडणे, जळणे-जाळणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, बुडणे-बुडवणे. पहिल्यात गोष्ट घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवतो. मोरो केशव दामल्यांच्या 1911 सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून हा अकर्मक-सकर्मकाचा हिशेब शाळकरी मुलालाही माहीत असतो, पण त्याचा अर्थ आपण फारसा मनावर घेत नाही. कोणत्याही नासधुशीबद्दल मराठीत तोंड उघडायचं तर बोलणाऱ्याला आधी ठरवावं लागतं, की यात कोणाचा हात आहे की नाही. शिवाय एक मधली वाटही आहे. कप फुटला, कप फोडला, आणि 'माझ्या हातून कप फुटला'. तिसऱ्या वाक्यात माणूस हजर आहे, पण त्याचा तसा हेतू नव्हता. न्यायालयात हेतू आणि निष्काळजीपणा यांच्यावर दिवसचे दिवस वाद चालतो, तो भेद सासूसमोर उभी राहिलेली सून एका 'हातून'वर उभा करते. यावर कोणी म्हणेल, हे जरा वाढवून सांगणं झालं, इंग्रजीतही जाळण्या-बुडवण्याला वेगळे शब्द आहेतच. आहेत. तिथे एकच रूप बहुधा दोन्हीकडे चालतं, एवढाच फरक. आणि मराठीतही हा नियम सगळीकडे लागू नाही, हे कबूल करायला हवं. 'खुर्ची मोडली' या वाक्यात ती आपोआप मोडली की कोणी मोडली, हे कळायला मार्ग नाही.

ते 'मोडणे' मात्र स्वतंत्र लेखाचा विषय आहे. घर मोडतं, लग्न मोडतं, झोप मोडते, संप मोडून काढतात, पायात काटा मोडतो, आजारी माणसाचं अंग मोडून येतं, आणि कोणाच्या नावाने बोटंही मोडतात. मुलीच्या शाळेसाठी दागिने मोडतात, बँकेतली ठेव मुदतीआधी मोडतात, शंभराची नोट मोडून सुटे घेतात. नीट बघितलं तर या बहुतेक मोडण्यांत काहीतरी हातात उरतं. नोट मोडली की तिचे सुटे, दागिना मोडला की रोकड, भांडं मोडीत घातलं तर निदान मोडीचा भाव. म्हणून मोडणं हे नष्ट होण्याच्या जवळपासही नाही. ती एका रूपातून दुसऱ्या रूपात जाण्याची, बऱ्याचदा तोट्याची, पण हिशेबात बसणारी क्रिया आहे. आणि 'मोड' म्हणजे कोंबसुद्धा. मटकीला मोड आले की घरात कोणाला वाईट वाटत नाही. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोकण पट्टीत पाऊस थांबेना, तेव्हा ठाणे जिल्ह्यात कापून खाचरात पसरलेल्या भाताला शेतातच मोड आले. दाणा होता, जिवंत होता, उगवतही होता, आणि म्हणूनच तो वाया गेला होता. पाण्यात आडव्या पडलेल्या लोंब्यांतून बोटभर हिरवे कोंब वर आलेले बघून 'भाताला मोड आले' म्हणणारा शेतकरी तीन शब्दांत कारण, प्रकार आणि परिणाम तिन्ही सांगत होता. अर्जात मात्र त्याला '33 टक्क्यांपेक्षा जास्त बाधित' असं लिहावं लागलं, कारण निकष तेवढाच विचारतो.

शब्दांच्या या भांडणाला ठाणे जिल्ह्यात जुना इतिहास आहे, आणि तो राबाचा आहे. शहापूर-मुरबाडकडे भाताची रोपं करायची जागा पावसाआधी भाजून घेतात. झाडांची कवळ तोडून, वाळवून, त्यावर शेण, पालापाचोळा, गवत असे थर देतात, वर माती पसरतात आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन हळू पेटवतात. राखेने जमिनीला खत मिळतं, तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते. याला लोक 'राब भाजणे' म्हणतात, आणि भाजणी म्हणजे जाळणं नव्हे. भाकरी भाजतात, वीट भाजतात, राब भाजतात. तिथे आगीतून पुढे काहीतरी हाती यायचं असतं. जाळतात ते प्रेत, कचरा, कोणाचं घर. 1878 च्या वन कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली रानं राखीव होऊ लागली, तशी वनखात्याच्या नजरेत कवळतोड आणि राब ही दोन्ही जंगलाच्या नाशाची कामं ठरली. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला 1885 साली वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 साली आला, आणि त्यात राबाचा प्रश्न मोठी जागा अडवून बसला आहे. पुढे हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आलेल्या व्होल्कर या रसायनतज्ज्ञालाही 1893 च्या अहवालात राबाची सविस्तर दखल घ्यावी लागली. रानावर कवळतोडीचा भार पडत नव्हता असं म्हणायचा माझा हेतू नाही. भार पडत होता, आजही पडतो. ओरबाडून तोडलेलं ऐनाचं झाड खुरटतं हे कोणाही शेतकऱ्याला दिसतं. पण तोडलेल्या फांदीला पुन्हा फुटवा येतो आणि खणलेल्या मुळाला येत नाही, हा फरक 'तोडणे', 'छाटणे', 'उपटणे' या क्रियापदांत शिल्लक असतो. एकदा सगळ्याला 'नाश' म्हटलं की फांदी तोडणारा कुणबी आणि रान साफ करून लाकूड नेणारा ठेकेदार एका ओळीत येऊन बसतात. कातकऱ्यांचं तसंच झालं. खैराचा गाभा उकळून कात करणं हा त्यांचा धंदा, त्यावरून त्यांचं नाव. रान राखीव झाल्यावर तो धंदा गेला, आणि दिवाळीनंतर पाडे ओस टाकून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या आजच्या कुटुंबांची ती वाट तिथूनच सुरू होते.

जाणे. हेही मोडतोडीचंच क्रियापद, कोशात त्या अर्थाने पटकन सापडत नाही इतकंच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी तानसा 1892 पासून याच तालुक्यांच्या रानात आहे; मोडकसागर 1957 चा, भातसा 1980 च्या दशकातला, मध्य वैतरणा 2014 चं. पलीकडे बारवी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढली आणि मुरबाडच्या काही वस्त्या पाण्याखाली आल्या. मग समृद्धी महामार्ग. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा शहापूर तालुक्यातूनच आला आणि 5 जून 2025 रोजी खुला झाला. या भागातल्या माणसाला जमिनीबद्दल विचारलं तर तो 'बुडवली' किंवा 'घेतली' फारसं म्हणत नाही. 'आमची धरणात गेली', 'भावाची समृद्धीत गेली' असं म्हणतो. इथे माझ्या युक्तिवादावरचा सगळ्यात जड आक्षेप उभा राहतो. सरकारी मराठी कर्ता लपवते असं म्हणायचं, आणि ज्याची जमीन गेली तोच जर कर्ता नसलेलं क्रियापद वापरत असेल, तर दोष एकट्या सरकारी मराठीला कसा द्यायचा? आक्षेप खरा आहे, पण 'धरणात' हा शब्द ऐकायला हवा. 'गेली' म्हणणारा कोणी नेली हे सांगत नसेल, कुठे गेली हे तो सोडत नाही. त्या सप्तमीत मुंबईचा नळ आहे, रस्त्यावरून जाणारी गाडी आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत ज्या गावात हंडे रांगेत लागतात, तिथून धरणाचं पाणी दिसत असेल तर ती सप्तमी आणखी बोलते. 'बाधित क्षेत्र' या शब्दाला सप्तमीच नाही. बाधित म्हटल्यावर काय झालं, कोणी केलं, कशासाठी केलं आणि पुन्हा नीट होईल का, यांतलं काहीही कळत नाही. ताप आलेला माणूसही बाधितच.

पंचनाम्याच्या कागदावर हे उघड दिसतं. आपत्ती निवारण निधीचे 2022 ते 2026 या काळासाठीचे केंद्राचे निकष असे: पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाटीवर 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. किमान 15 टक्के पडझड झाली असेल तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4,000. झोपडी असेल तर 8,000, घराला जोडून असलेला गोठा 3,000. आता वादळात एका पाड्यावरच्या घराचं काय होतं ते बघा. कारवीच्या कुडाची एक बाजू आत झुकते, कौलं घसरून फुटतात, आढं वाकतं, चार मेढी उभ्या राहतात. घरातली माणसं म्हणतात 'घर मोडलं', आणि ते खरंच मोडलेलं असतं: राहता येत नाही, पण वासे, दार आणि शाबूत कौलं उतरवून पुन्हा उभं करता येईल असं. वहीत मात्र मोडण्याला रकाना नाही. एक तर 'पूर्णतः नष्ट', नाहीतर 'अंशतः पडझड'. चार मेढी उभ्या दिसतात म्हणून कच्च्या घराच्या मालकाच्या वाट्याला पडझडीचे 4,000 येतात. नष्ट झालं म्हणावं तर मेढी साक्ष देतात. त्याहून पुढची गोष्ट अशी, की कुडाच्या त्या घराला लिहिणाऱ्याने झोपडी म्हटलं तर नष्ट होऊनही ते 8,000 च्या वर जात नाही. तिथे क्रियापदापेक्षा नामच जास्त पैसे कापतं, हे माझ्या मुद्द्याला अडचणीचं असलं तरी सांगितलंच पाहिजे.

'नष्ट करणे' भाषेतून काढून टाका असं कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. त्याच्या जागी ते अगदी नेमकं आहे. सरकारी कचेरीत कागदांचे अ, ब, क-1, क, ड असे वर्ग असतात. अ कायमचे ठेवायचे, ब 30 वर्षं, आणि ड वर्गाचे एका वर्षानंतर नष्ट करायचे. तिथे कागद नुसता फाडून चालत नाही, तो परत वाचता येणार नाही असा नाहीसा व्हायला हवा. तिथे धातूचा मूळ अर्थ पुरता लागू पडतो. पुराव्याचंही तसंच. भारतीय न्याय संहितेच्या 238 व्या कलमात, म्हणजे जुन्या 201 मध्ये, पुरावा 'नाहीसा' करण्याची गोष्ट आहे. रक्ताचा डाग धुतला काय, जाळला काय, कायद्याला त्याचं नसणं महत्त्वाचं. सगळ्या तऱ्हांना पुरेल असा एक शब्द कायद्याला लागतो, हा व्यवहारी माणसाचा आक्षेप मी इथपर्यंत मान्य करतो. पण हातभट्टीवरच्या छाप्याची बातमी घ्या. 'रसायन जागीच नष्ट करण्यात आले' हे वाक्य इतक्या वेळा छापून येतं की त्याचा आता ठसाच झाला आहे. प्रत्यक्षात ओढ्याच्या काठी पिंपं लवंडतात, मडकी फोडतात, चुलीचे दगड उधळतात. आंबलेला गूळ आणि मोह ओढ्यात उतरतो आणि दोन दिवस रानाला वास येत राहतो. रसायन नष्ट झालेलं नसतं, ते ओतलेलं असतं. ओढ्याचं पाणी खाली कोणाची गुरं पितात हा प्रश्न 'ओतलं' म्हटलं की लगेच सुचतो, 'नष्ट केलं' म्हटलं की सुचत नाही. सर्वसमावेशक शब्द कायद्यात असू द्या. पण घडलेलं नोंदवताना आधी घडलेलं क्रियापद लिहावं आणि मग त्याचा वर्ग ठरवावा, एवढीच माझी मागणी आहे. पंचनाम्यात 'काय दिसले' आणि 'कोणत्या निकषात बसते' अशा दोन ओळी करायला फार शाई लागत नाही.

दुसऱ्या बाजूने असंही म्हणता येईल, की बोलीतली क्रियापदं तरी नेहमी कुठे प्रामाणिक असतात? 'कोसळणे' घ्या. या क्रियापदाला वापरातली जोडी नाही; 'कोसळवणे' कोणी म्हणत नाही. दरड कोसळते, पाऊस कोसळतो, शेअर बाजार कोसळतो, आणि हे सगळं जणू आभाळातून येतं. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरलांबे इथे समृद्धीच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर बसवणारं यंत्र खाली आलं आणि 20 जण मेले. मराठी बातमीने 'कोसळलं' लिहिलं, दुसरं काय लिहिणार? पाडलं म्हणावं तर कोणी मुद्दाम पाडलं नव्हतं. पडलं म्हणावं तर इतक्या टनांच्या लोखंडाला तो शब्द पेलत नाही. 'हातून' हा शब्द इथे हवा होता, पण तो घरातल्या कपबशीसाठी राखलेला. संस्थेच्या, योजनेच्या, ठेक्याच्या हातून काही घडतं असं म्हणायची सवय मराठीला लागलेली नाही. भाषेत तो खण मोकळा आहे, कोणी वापरत नाही. आणि क्रियापद नेमकं असलं म्हणजे जबाबदारी ठरतेच असं मुळीच नाही. ती चौकशीने ठरते. कोणाची चौकशी करायची, एवढं मात्र क्रियापद सुचवतं.

काही शब्द तर काळाच्याही पुढे धावतात. मुरबाड तालुक्यात काळू नदीवरच्या नियोजित धरणाचं काम वनमंजुरी नसताना सुरू झालं म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने 2012 साली ते थांबवलं. पण अशा कुठल्याही धरणाच्या कागदांत, पाणी अडायच्या कितीतरी आधीपासून, खोऱ्यातल्या गावांचं नाव पडलेलं असतं: बुडीत गावं. बुडणारी नव्हे, बुडवायची ठरवलेलीही नव्हे, बुडीत. बुडीत कर्ज म्हणतात तसं. त्या गावांत त्या वेळी राब भाजलेले असतात, ओसरीवर भात वाळत असतं, आणि कुडाच्या कडेने कोंबड्या माती उकरत असतात.